घरात लहान मूल असताना कुत्रा कोणता आणावा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ओळखीच्या एका शिक्षिकेने आम्हाला गाठले. बाईंच्या घरी आठ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी, सासूबाई आणि नोकरी करणारे हे दोघे. मुलांनी कुत्र्यासाठी हट्ट धरला होता. बाईंचा प्रश्न अगदी नेमका होता, "सर, लॅब्रॅडॉर आणू की पॉमेरियन? लहान मुलांना चावत नाही अशी जात कोणती?"

आमचे काम आनुवंशिकीतले असले तरी कुत्र्यांवरचे नाही. पण उत्तर द्यायला आम्ही थबकलो ते त्यामुळे नव्हे. वर्षभरापूर्वी आमच्याच वसाहतीत एका कुटुंबाने लॅब्रॅडॉरचे पिल्लू विकत आणले होते. आठ महिन्यांचे झाल्यावर एका संध्याकाळी त्याने घरातल्या पाच वर्षांच्या मुलाच्या गालाचा चावा घेतला. जखम खोल होती. आठवड्याभरात कुत्र्याची रवानगी कोणाच्या तरी शेतावर झाली आणि तिथून ते नाहीसे झाले. घरातले सगळे एकच सांगत होते, की लॅब्रॅडॉर चावतो असे आम्ही कधी ऐकलेच नव्हते. त्यांनी जात पाहूनच कुत्रा निवडला होता. तेव्हा जात पाहून नक्की काय कळते, हे आधी तपासून पाहू.

जात म्हणजे काय?

जीवशास्त्राच्या दृष्टीने चिवावा आणि ग्रेट डेन एकाच प्रजातीचे प्राणी आहेत. आज दुकानात ज्या जातींची नावे ऐकू येतात त्यांतल्या बहुतेकांची शुद्ध वंशावळ ठेवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः इंग्लंडमध्ये रूढ झाली. तिथला केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. त्यापूर्वी मेंढ्या वळणारा, शिकार उचलून आणणारा, राखण करणारा अशी कामावरून ओळख असे. प्रदर्शने सुरू झाल्यावर निवड होऊ लागली ती कानांची, रंगांची आणि शेपटीच्या वळणाची. स्वभाव जातीबरोबर आपोआप येतो हा समज मात्र कायम राहिला.

त्याची मोठ्या प्रमाणावर तपासणी अलीकडे झाली. अमेरिकेतील संशोधकांनी १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून वागण्याविषयी प्रश्नावल्या भरून घेतल्या, २,१५५ कुत्र्यांची जनुकीय माहिती वाचली आणि २०२२ साली 'सायन्स' या साप्ताहिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच भाग जातीवरून समजतो. सगळ्या गुणांचे प्रमाण सारखे नव्हते. माणसाचे ऐकण्याच्या वृत्तीत जातीचा हात जरा जास्त दिसला. डिवचल्यावर किंवा घाबरल्यावर कुत्रा किती लवकर बिथरतो, यात मात्र जातीचा वाटा फारच थोडा होता, आणि मुलांच्या घरासाठी सर्वांत महत्त्वाचा गुण तोच. प्रश्नावल्या मालकांनी भरलेल्या होत्या, आणि आपल्या कुत्र्याविषयी मालक किती तटस्थ असतो हे आपण जाणतोच. तरीही एवढ्या मोठ्या संख्येत दिसलेला कल सहज बाजूला सारता येत नाही.

९ टक्के म्हणजे काय, हे वर्गात समजावायला सोपे आहे. आठवीच्या अ आणि ब तुकडीतील मुलांची उंची मोजली असे समजा. अ ची सरासरी १४८ सेंटिमीटर, ब ची १५०. फरक आहे आणि तो खरा आहे. पण दोन्ही तुकड्यांत १३५ पासून १६५ पर्यंत सर्व उंचीची मुले आहेत. आता दाराआड एक मूल उभे आहे आणि ते ब तुकडीचे आहे, एवढेच तुम्हाला सांगितले. त्याची उंची तुम्हाला कितपत कळली? लॅब्रॅडॉर हे नाव ऐकून समोरच्या पिल्लाच्या स्वभावाविषयी जे कळते ते साधारण एवढेच.

इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. जातीचा वाटा थोडा, म्हणजे स्वभाव आनुवंशिक नाही, असा अर्थ ते काढतात. तसे नाही. स्वभावाचा काही भाग आईबापांकडून नक्की येतो. पण शांत आई आणि चिडखोर आई एकाच जातीत सापडतात. त्यामुळे जातीचे प्रमाणपत्र पाहण्यापेक्षा पिल्लाची आई पाहणे जास्त उपयोगाचे. परके माणूस आल्यावर ती आडोसा शोधते, अंगावर येते, की हुंगून निवांत बसते? आई दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तिथून निघावे.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जाती धोकादायक ठरवून त्यांच्या विक्रीवर आणि पैदाशीवर निर्बंध घालण्यास राज्यांना कळवले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केले. या वादात दोन प्रश्नांची गल्लत होते. कुत्रा चावेल की नाही हे जातीवरून फारसे सांगता येत नाही. चावलाच तर इजा किती होईल, हे मात्र त्याच्या आकारावरून आणि जबड्यावरून बऱ्यापैकी सांगता येते. चाळीस किलोचा कुत्रा आणि पंधरा किलोचे मूल एका खोलीत ठेवताना हा हिशेब विसरून चालत नाही.

जातीवरून काय कळते?

जातीवरून कळणाऱ्या गोष्टीही कमी नाहीत. पूर्ण वाढलेले वजन, अंगावरचे केस, नाकाडाची लांबी, रोज किती पळायला लागेल, हे सारे बऱ्याच खात्रीने सांगता येते. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातील न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर थंड पाण्यात काम करत. त्या शरीराला दोन खोल्यांच्या घरात दिवसभर कोंडले की ते फर्निचर कुरतडते आणि आनंदाच्या भरात चार वर्षांच्या मुलीला सहज आडवे करते. त्यात राग मुळीच नसतो, आडवे मात्र व्हावे लागते. या जातीच्या खादाडपणालाही आधार आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. असा कुत्रा खाण्यासाठी जास्त मागे लागतो. ज्या घरात लहान मूल हातात बिस्किट घेऊन फिरते, तिथे ही माहिती स्वभावाच्या दाखल्यापेक्षा कामाची आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी कामाच्या अशा फक्त पंजांच्या तळव्यांना असतात. जीभ, तोंड आणि नाकातील ओल्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन करून तो शरीर थंड ठेवतो. माठातले पाणी थंड होते त्याच तत्त्वाने. म्हणून उन्हाळ्यात कुत्रा धापा टाकतो. पगचे नाकाड चपटे केल्यामुळे हा पृष्ठभागच आक्रसला आहे आणि श्वासाची वाटही अरुंद झाली आहे. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग घरोघर पोहोचला आणि त्याला मागणी आली. जाहिरातीत दिसला नाही तो मे महिन्यात घरघरणारा पग. सायबेरियन हस्की अंगावर दुहेरी लोकर घेऊन नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात येतो, ते तर अज्ञानच म्हणावे लागेल. त्रासलेले, श्वासासाठी झगडणारे जनावर मुलांच्या दंग्याला पुरे पडत नाही.

बार हार्बरची पिल्ले

मग स्वभाव घडतो कुठे? या प्रश्नावर सर्वांत चिकाटीने काम झाले ते अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे पाच जातींच्या कुत्र्यांवर तेरा वर्षे संशोधन केले आणि १९६५ साली ते ग्रंथरूपाने मांडले. त्याच प्रयोगशाळेतला १९६१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातींची पिल्ले उंच कुंपणाच्या मोकळ्या आवारात आईबरोबर वाढू दिली. माणसाचा संपर्क जवळजवळ नव्हता. त्यांतली काही पिल्ले दोन आठवड्यांची असताना, काही तीन, पाच, सात किंवा नऊ आठवड्यांची असताना फक्त एका आठवड्यासाठी आत आणली. त्यांच्याशी रोज खेळले, त्यांना हाताळले, आणि परत आवारात सोडले. काहींना चौदा आठवड्यांपर्यंत आणलेच नाही. दोन आठवड्यांची पिल्ले फारच अजाण होती. तीन आठवड्यांची पिल्ले माणसाकडे लगेच ओढली गेली. पाच आठवड्यांची थोडी बिचकली आणि मग रुळली. सात आणि नऊ आठवड्यांच्या पिल्लांना आणखी वेळ लागला. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्ले मात्र रानटी जनावरासारखी वागली. पुढे चुचकारूनही त्यांची भीती फारशी गेली नाही. जाती त्याच, आवार तेच, अन्न तेच. फरक होता तो एका आठवड्याच्या ओळखीचा, आणि ती ओळख कोणत्या वयात झाली याचा.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा हा काळ पिल्लाच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. या काळात जे जे पाहिले, हुंगले, ऐकले ते 'आपले'. जे राहून गेले ते पुढे संशयाचे. आणि पिल्लाच्या दृष्टीने लहान मूल म्हणजे माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. ते वेगळ्या उंचीचे, झोकांड्या खाणारे, मध्येच किंचाळणारे एक निराळेच जनावर असते. ज्या पिल्लाने या आठवड्यांत फक्त पिंजरा आणि दोन मोठी माणसे पाहिली, त्याच्यापुढे अचानक बालवाडीतले मूल ठेवणे हा मोठा धक्का आहे. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की पिल्ले घरात वाढली की गोठ्यामागच्या पिंजऱ्यात, आणि त्या घरात मुले होती का?

याच काळात भावंडांशी खेळताना पिल्लू आणखी एक धडा शिकते. जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो. दात किती हलके लावायचे हे त्याला असे कळते. २०११ साली इटलीतील संशोधकांनी तीस ते चाळीस दिवसांत आईपासून तोडलेली पिल्ले आणि दोन महिन्यांनंतर दिलेली पिल्ले यांची मोठेपणी तुलना केली. लवकर तोडलेल्यांत भित्रेपणा, अति भुंकणे, अन्न आणि खेळणी राखणे अशा तक्रारी जास्त आढळल्या. आपल्याकडे २०१७ च्या श्वान पैदास आणि विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. बाजारात मात्र महिन्याभराचे पिल्लू 'पंचेचाळीस दिवसांचे' म्हणून सर्रास मिळते, कारण जितके लहान तितके गोंडस आणि तितके लवकर खपणारे. वसाहतीतले ते पिल्लूही बहुधा असेच होते. यावर एक साधी तपासणी आहे. आठ आठवड्यांच्या पिल्लाला सहसा सर्व २८ दुधाचे दात आलेले असतात. दाढांच्या जागी हिरडी मोकळी दिसली तर सांगितलेले वय शंकास्पद समजावे.

इथे एक खरीखुरी अडचण येते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर नेऊ नका, असे पशुवैद्य सांगतात, आणि पार्व्होसारखा रोग पाहता ते बरोबरच आहे. पण लसी पूर्ण होईतो ओळखीचा काळही सरत आलेला असतो. मार्ग असा, की पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन फिरवावे. रिक्षा, कुकरची शिट्टी, शाळेतून परतणारी मुले, फटाक्यांचा दूरचा आवाज, सारे त्याला सुरक्षित अंतरावरून भेटू द्यावे. लसी झालेला ओळखीचा मोठा कुत्रा घरी येऊ द्यावा.

पिल्लूच कशाला?

पिल्लाला चिमटा काढून, पाठीवर उताणे पाडून त्याचा पुढचा स्वभाव ओळखण्याच्या चाचण्या बऱ्याच पुस्तकांत सापडतात. २०१४ साली व्हिएन्नातील संशोधकांनी बॉर्डर कॉली जातीच्या पिल्लांची सहा-सात आठवड्यांच्या वयात आणि पुन्हा दीड-दोन वर्षांची झाल्यावर चाचणी घेतली. दोहोंचा मेळ जवळपास बसला नाही. नवे ठिकाण हुंगून पाहण्याची हौस तेवढी टिकून होती. म्हणजे पिल्लू आणणे ही बऱ्याच अंशी सोडत आहे.

दोन-तीन वर्षांचा कुत्रा मात्र जसा आहे तसा समोर दिसतो. मुलांच्या घरात वाढलेला, नसबंदी आणि लसी झालेला, माणसाळलेला मोठा कुत्रा मिळत असेल तर आमचे मत त्याच्या बाजूने आहे. तो गावठी असला तरी काही बिघडत नाही, उलट आपल्या हवेत तो पिढ्यान्‌पिढ्या तावून सुलाखून निघालेला आहे. रस्त्यावरचे भित्रे, मोठे कुत्रे दयेपोटी एकदम मुलांच्या घरात आणू नये हेही खरे. मोठा कुत्रा घेताना घाई करू नये. चार-पाच वेळा मुलांसह भेटावे. मूल पळाले, रडले, भांडे पडले, तर कुत्रा काय करतो ते पाहावे. दचकणे स्वाभाविक आहे. दचकल्यावर सावरायला किती वेळ लागतो, ते महत्त्वाचे.

गुरगुरणे

वसाहतीतल्या त्या संध्याकाळी काय झाले होते, हे आम्ही नंतर विचारले. मुलाने कुत्र्याच्या भांड्यात हात घातला होता. कुत्रा न गुरगुरता एकदम चावला, असे सगळे म्हणाले. थोडे खोदून विचारल्यावर कळले, की दोन महिन्यांपूर्वी तो जेवताना गुरगुरत असे. म्हणून वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला मारले जाई. गुरगुरणे बंद झाले आणि घरच्यांना तो सुधारला असे वाटले.

गुरगुरणे ही सूचना असते. त्याही आधी कुत्रा बऱ्याच सूचना देतो. तोंड वळवतो, कारण नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, अंग ताठ करून थिजतो. मोठ्यांनाही हे वाचता येत नाही, मुलांना तर नाहीच. ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासात असे दिसले, की लहान मुलांना दात विचकलेला कुत्रा बऱ्याचदा हसणारा वाटतो आणि ती चेहरा आणखी जवळ नेतात. चावा गालावर, ओठावर का बसतो याचे उत्तर यात आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मुलांना चावलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत सहा वर्षांखालच्या मुलांना सर्वाधिक चावे खाणे किंवा वस्तू राखताना बसले होते, आणि त्यांतल्या बऱ्याच कुत्र्यांनी पूर्वी कधी मुलाला दात लावला नव्हता.

तेव्हा घरात मोजकेच नियम हवेत, पण पक्के. जेवणारा आणि झोपलेला कुत्रा यांच्या जवळ मुलाने जायचे नाही. कुत्र्याला मिठी मारायची नाही, बोलवायचे, आणि आला तर खांद्याजवळ कुरवाळायचे. मोठ्या माणसाची नजर नसताना सहा वर्षांखालचे मूल आणि कुत्रा एका खोलीत ठेवायचे नाहीत. 'आमचा काही करत नाही' हे वाक्य बोलावेसे वाटेल तेव्हा तर नाहीच.

रेबीजविषयी थोडक्यात, पण स्पष्ट लिहायला हवे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत तो कुत्र्यामार्फत येतो, आणि संशयित जनावर चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळपास कधीच वाचत नाही. चावल्यास, ओरखडल्यास किंवा जखम चाटल्यास साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीपूड काही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. लसीशिवाय आणखी प्रतिद्रव्याचे इंजेक्शन लागेल का, ते डॉक्टर जखम पाहून ठरवतात. चावलेला कुत्रा घरचा आणि लस दिलेला असला तरी डॉक्टरांना दाखवावेच. मुलांना रागावण्याच्या भीतीने ओरखडा लपवायची सवय असते. घरी कुत्रा येण्यापूर्वी त्यांना सांगावे, की ओरखडा दाखवणाऱ्याला कोणी रागावणार नाही. पिल्लांना आईकडून जंत येतात आणि ते मुलांनाही होतात, तेव्हा जंताचे औषध आणि हात धुणे हेही ओघाने आले.

आणि एक हिशेब उरतो. कुत्रा दहा ते चौदा वर्षे जगतो. आज चार वर्षांची असलेली मुलगी तोपर्यंत महाविद्यालयात जाईल. सकाळी सहाला त्याला फिरवणार कोण, हा प्रश्न मुलांना विचारून उपयोग नाही. आम्ही बाईंना तो सासूबाईंना विचारायला सांगितले.

बाईंच्या घरी कुत्री आली ती फेब्रुवारीत. शेजारच्या इमारतीचा रखवालदार गावी परतणार होता, त्याच्या दोन मुलांबरोबर वाढलेली तीन वर्षांची तांबूस गावठी कुत्री. पाच रविवार सगळे तिला भेटायला गेले. तिसऱ्या रविवारी मुलीच्या हातून स्टीलचा डबा पडला. कुत्री उडाली, कोपऱ्यात गेली, आणि मिनिटभरात शेपटी हलवत डबा हुंगायला आली. सकाळचे फिरवणे सासूबाईंनी मागून घेतले आहे. कुत्रीचे गोणपाट जिन्याखाली घातले आहे आणि चार वर्षांच्या मुलीने त्याभोवती खडूने रेघ ओढली आहे. रेघेच्या आत कोणी जायचे नाही. गेल्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा चप्पल रेघेवर पडली म्हणून आम्हालाही ती उचलून ठेवावी लागली.